तौबा करायची आहे, पण सुरुवात कुठून? कोकणातल्या बहीण-भावांसाठी

तौबा, म्हणजे गुन्हा सोडून अल्लाहकडे माफी मागणं, करायची असं मनात आलं की आपल्याकडे बहुतेक जण रमजानची वाट बघत बसतात, नाहीतर हजच्या नंबराची. मधल्या काळात शब-ए-बरात, म्हणजे माफी मागायची रात्र, येते. ‘जाणते-अजाणतेपणी कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा’ असा एकच मेसेज फोनमधल्या सगळ्या नंबरांना जातो आणि काम झाल्यासारखं वाटतं. मी स्वतः या वाटेने गेले आहे. आता मोहल्ल्यातल्या बायका आणि कॉलेजच्या मुली याच विषयावर माझ्याशी बोलायला येतात. इच्छा सगळ्यांची असते, पण नेमकं काय करायचं ते कुणी नीट सांगितलेलं नसतं. नमाज आणि दुआ हा त्यातला सोपा भाग. गाडी अडते ती माणसांच्या देण्यापाशी: बहिणीचा हिस्सा, खलाशाची मजुरी, बायकोची मेहर (निकाहात नवऱ्याने तिला कबूल केलेली रक्कम). म्हणून त्या पायरीवर मी इथे जास्त थांबणार आहे.

आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यामुळे मसले (धर्माचे नियम) शाफई मजहबप्रमाणे, म्हणजे धर्मनियमांच्या त्या परंपरेप्रमाणे, दिलेत. हनफी या दुसऱ्या मजहबचा ठळक फरक असेल तिथे तसं म्हटलंय. तुमच्या प्रकरणात काही गुंता असेल तर जाणत्या आलिमला विचाराच.

आधी हे जवळ ठेवा

अल्लाहकडे माफी मागायला कागद लागत नाही. पण माणसांचं देणं फेडायला लागतो.

- एक साधी वही आणि ती ठेवायला कुलपाची जागा
- बँकेचं पासबुक किंवा स्टेटमेंट, व्याजाची रक्कम वेगळी काढायला
- निकाहनामा, मेहर किती ठरली होती ते बघायला
- वाडवडिलांची जमीन असेल तर सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, मयताचा मृत्यू दाखला आणि सगळ्या वारसांची नावं
- बोट, बाग किंवा दुकान असेल तर हंगामाच्या हिशोबाच्या वह्या
- ज्यांच्या तोंडून गोष्ट बाहेर जात नाही अशा एका मौलानांचा नंबर

वहीबद्दल एक ताकीद. तिच्यात गुन्हे लिहायचे नाहीत. फक्त देणं लिहायचं: कुणाचं, काय, किती, फेडलं की नाही. का, ते सहाव्या पायरीत येईल.

१. ‘आता खूप उशीर झाला’ हे डोक्यातून काढा

कुरआनात सूरह जुमरच्या ५३व्या आयतीत अल्लाह आपल्या त्या बंद्यांना हाक मारतो ज्यांनी स्वतःवरच जुलूम केला, आणि सांगतो की अल्लाहच्या रहमतीतून निराश होऊ नका, अल्लाह सगळे गुन्हे माफ करतो. ‘सगळे’ म्हटल्यावर तुमचा गुन्हा त्यातून वगळायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत (पैगंबर मुहम्मद, म्हणजे रसूलुल्लाह ﷺ, यांची वचनं आणि हकीकती यांच्या संग्रहांत) ९९ खून केलेल्या माणसाची हकीकत आहे. तो एका आबिदाकडे (सतत इबादत करणाऱ्याकडे) गेला. त्याने ‘तुझ्यासाठी तौबा नाही’ असं सांगितल्यावर त्यालाही मारून याने १०० पुरे केले. मग एका आलिमकडे गेला. त्याने सांगितलं, तुझ्या आणि तौबेच्या मध्ये कोण उभं आहे? पण तुझं गाव सोड, अमुक गावी जा, तिथे चांगली माणसं आहेत. वाटेतच त्याला मौत आली, आणि तो चांगल्या गावाकडे वीतभर जास्त सरकलेला होता म्हणून रहमतचे फरिश्ते त्याला घेऊन गेले.

दुसरीकडे, दिरंगाईलाही जागा नाही. जीव घशाशी येईपर्यंत तौबा कबूल होते असं हदीसमध्ये आहे, पण तो क्षण कधी येणार हे कुणाला ठाऊक? सूरह निसाच्या १८व्या आयतीत तर स्पष्ट म्हटलंय की जे आयुष्यभर वाईट कामं करत राहतात आणि मौत समोर दिसल्यावर ‘आता मी तौबा करतो’ म्हणतात, त्यांची तौबा तौबा नाही. समुद्रावर माणसं जातात त्या प्रत्येक घराला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

नुकताच इस्लाम स्वीकारलेल्या बहीण-भावांसाठी: इस्लाम त्याआधीचं सगळं पुसून टाकतो, हे अम्र बिन आस यांना खुद्द रसूलुल्लाह ﷺ यांनी सांगितलं. मागच्या गुन्ह्यांचा हिशोब काढत बसू नका. मात्र कुणाचे पैसे किंवा वस्तू तुमच्याकडे असतील तर त्या परत करा.

२. आधी ते काम थांबवा

शाफई मजहबचे मोठे इमाम नववी (इ.स. १२३३ ते १२७७) तौबेच्या तीन शर्ती सांगतात: गुन्हा सोडणं, केल्याचा पस्तावा होणं, आणि पुन्हा न करण्याचा पक्का इरादा. गुन्ह्यात दुसऱ्या माणसाचा हक्क अडकला असेल तर चौथी शर्त येते, तो हक्क परत करणं. यातली एकही कमी पडली तर तौबा पुरी होत नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. होडीला भोक असताना नुसतं पाणी उपसत बसून भागत नाही. मोबाइलवरच्या सट्ट्याचं अॅप तसंच ठेवून रोज रात्री हजार वेळा इस्तिगफार (माफी मागायचे शब्द) म्हणणारी मुलं मी पाहिलेली आहेत. अॅप काढा, त्याला जोडलेलं खातं बंद करा, जो मित्र ‘आजची मॅच’ म्हणून फोन करतो त्याचा नंबर उडवा. दारू असेल तर संध्याकाळी ज्या कट्ट्यावर बसता तो कट्टा बदला. ९९ खून करणाऱ्याला आलिमने आधी गाव बदलायला सांगितलं, याच्यामागे हीच गोष्ट आहे.

गाव खरंच बदलता आलं तर चांगलंच. पण मिरकरवाड्याला किंवा हर्णैला जन्म गेला, त्याने कुठे जायचं? अशा वेळी वेळ बदला. मगरिब ते इशा, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजपासून रात्रीच्या नमाजपर्यंतचा वेळ, बहुतेकांना धोक्याचा असतो. तेवढा वेळ मशिदीत काढा. बायकांनी तो वेळ घरात मुलांना घेऊन तिलावतीला (कुरआन वाचायला) द्यावा. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी वर ओढलेल्या असतात, हातात काम नसतं आणि जुन्या सवयी डोकं वर काढतात. बंदरावरच्या भावांनी त्या दोन महिन्यांचा बेत आधीच ठरवून ठेवावा. जाळी विणणं आहे, मुलांचं कुरआन पक्कं करून घेणं आहे, राहिलेले रोजे आहेत.

३. वुजू, दोन रकात, आणि स्वतःच्या भाषेत दुआ

हजरत अली यांनी हजरत अबू बक्र यांच्याकडून सांगितलेली हदीस आहे: ज्याच्या हातून गुन्हा घडला आणि त्याने नीट वुजू (नमाजआधी हात, तोंड, पाय धुणं) करून दोन रकात (रकात म्हणजे नमाजची एक फेरी) नमाज पढली, मग अल्लाहकडे माफी मागितली, त्याला अल्लाह माफ करतो.

नीयत मनात करा. दोन रकात नेहमीच्या नफलसारख्याच (ऐच्छिक नमाजसारख्याच) असतात, ठरावीक सूरह असं काही नाही. घरातली माणसं झोपल्यावर, तहज्जुदच्या (पहाटेआधीच्या नमाजच्या) वेळी पढा. मन लागतं आणि कुणी बघत नाही. हैजच्या (पाळीच्या) दिवसांत असाल तर नमाज नाही, पण दुआ आणि इस्तिगफार चालू ठेवा. सात-आठ दिवस थांबायचं कारण नाही.

नमाजनंतर ही दुआ, आदम आणि हव्वा यांनी केलेली:

रब्बना जलम्ना अन्फुसना व इल्लम तगफिर लना व तरहम्ना लनकूनन्न मिनल खासिरीन.
(हे आमच्या रब्ब, आम्ही स्वतःवर जुलूम केला. तू आम्हाला माफ केलं नाहीस आणि रहम केला नाहीस तर आम्ही नुकसानीत जाऊ.)

आणि सय्यिदुल इस्तिगफार, जो सकाळ-संध्याकाळ म्हणायचा. बुखारीत आहे की जो मनापासून दिवसा हे म्हणेल आणि संध्याकाळच्या आत मरेल तो जन्नतवाल्यांपैकी, आणि रात्री म्हणणाऱ्यालाही तसंच:

अल्लाहुम्म अन्त रब्बी, ला इलाह इल्ला अन्त, खलक्तनी व अना अब्दुक, व अना अला अहदिक व वअदिक मस्ततअतु, अऊजु बिक मिन शर्रि मा सनअतु, अबूउ लक बि निअमतिक अलय्य, व अबूउ बि जम्बी, फगफिर ली, फ इन्नहू ला यगफिरुज्जुनूब इल्ला अन्त.

उच्चार एकदा हाफिजांकडून बसवून घ्या, देवनागरीत सगळे अक्षर उतरत नाहीत. मग हात वर करून आपल्या भाषेत बोला. मराठीत, कोकणीत, जी भाषा रडताना येते त्या भाषेत. कोणता गुन्हा, ते अल्लाहजवळ नाव घेऊन सांगा. ‘सगळ्या गुन्ह्यांची माफी’ असं मोघम मागणं सोपं असतं, नाव घेताना घसा दाटतो.

रडू आलं नाही म्हणून तौबा झाली नाही असं समजू नका. पस्तावा मनातला आहे, डोळ्यांतलं पाणी त्याची शर्त नाही.

इथे एक फसगत फार होते. तौबा ‘कबूल करून देतो’ म्हणून कुणी हदिया, बकरा किंवा ताईताचे पैसे मागत असेल तर उठून घरी या. बंदा आणि अल्लाह यांच्या मध्ये माफीचा दलाल इस्लाममध्ये नाही. मौलानांकडे जायचं ते मसला विचारायला.

४. अल्लाहचं राहिलेलं देणं

नमाजी राहिल्या असतील तर बालिग झाल्यापासूनचा (वयात आल्यापासूनचा) अंदाज बांधा. नक्की आठवत नसेल तर जास्तीचा धरा. शाफई मजहबप्रमाणे जाणूनबुजून सोडलेल्या नमाजींची कजा (राहिलेलं नंतर भरून काढणं) लवकरात लवकर फेडायची, नफलच्या मागे लागण्याआधी. प्रत्येक फर्ज नमाजसोबत त्याच वक्तीची एक कजा पढायची, हा कमीत कमी हिशोब. असं केलं तर एका वर्षात एका वर्षाची कजा फिटते. वेळ असेल तर दोन-तीन पढा. वित्र (इशानंतरची नमाज) शाफईंमध्ये सुन्नत आहे, सक्तीची नाही. हनफी बहीण-भावांनी ती वाजिब (आवश्यक) म्हणून कजात धरावी.

रोजे: जेवढे सुटले तेवढे ठेवायचे. सबब नसताना पुढचा रमजान उलटला असेल तर शाफई मताने प्रत्येक रोजामागे एक मुद्द धान्य गरिबाला द्यायचं, म्हणजे मध्यम माणसाच्या दोन हातांची भरलेली ओंजळ. आपल्याकडे तांदूळ. हनफींमध्ये नुसती कजा पुरते. मुलींनो, बाळंतपणातले आणि पाळीतले सुटलेले रोजे वहीत लिहून ठेवत चला. पंधरा वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

जकात (मालातून गरिबांना द्यायचा वाटा) दिली नसेल तर मागच्या वर्षांची काढायला लागते, अडीच टक्के. सोन्याचा निसाब (ज्याच्या वर जकात लागते ती मर्यादा) साधारण ८५ ग्रॅम धरतात. वापरातल्या दागिन्यांवर शाफई मजहबमध्ये जकात नाही, हनफीमध्ये आहे. नुसतं गुंतवणूक म्हणून लॉकरमध्ये ठेवलेलं सोनं वेगळं, त्याची जकात दोन्हीकडे लागते.

अल्लाहची कसम खाऊन मोडली असेल तर कफ्फारा (भरपाई) सूरह माइदाच्या ८९व्या आयतीत आहे: १० मिस्कीनांना (गरिबांना) जेवण किंवा कपडे, आणि तेवढी ऐपत नसेल तर ३ रोजे.

५. माणसांचं देणं

एकदा रसूलुल्लाह ﷺ यांनी सहाबांना (आपल्या साथीदारांना) विचारलं, मुफलिस (कंगाल) कोण? ते म्हणाले, ज्याच्याकडे ना पैसा ना सामान तो. रसूलुल्लाह ﷺ यांनी सांगितलं, माझ्या उम्मतमधला (अनुयायांमधला) मुफलिस तो, जो कियामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण याला शिवी दिलेली, त्याच्यावर आळ घेतलेला, कुणाचा माल खाल्लेला. मग त्याच्या नेक्या एकेकाला वाटल्या जातील, आणि नेक्या संपल्यावर त्यांचे गुन्हे याच्या अंगावर टाकले जातील.

हजवरून आलं की सगळं धुऊन निघतं, हा भरवसा इथे कामाला येत नाही. मकबूल हज माणसाला आईच्या पोटातून आल्यासारखा करून परत पाठवतो, खरं आहे. पण दुसऱ्याची जमीन दुसऱ्याचीच राहते. शहीदालाही कर्ज सोडून सगळं माफ होतं, असं मुस्लिममधली हदीस सांगते. हजला निघताना घरोघर जाऊन ‘चुकलंमाकलं माफ करा’ म्हणायची आपली रीत चांगली आहे. पण ज्याचे चाळीस हजार द्यायचे आहेत त्याच्याही दारात तेवढंच म्हणून निघून आलात तर ते चाळीस हजार तुमच्या बरोबर मक्केला जाऊन परत येतात.

*जमीन आणि बहिणींचा हिस्सा.* कोकणात सगळ्यात जास्त तौबा इथे अडते. सूरह निसाच्या ११व्या आणि १२व्या आयतीत हिस्से अल्लाहने स्वतः ठरवून दिलेत: मुलाला दोन मुलींएवढा, मुलं असतील तर विधवेला आठवा. तरीही आपल्याकडे वडील गेल्यावर बहिणींना एका कागदावर सही करायला बोलावतात, चहा होतो आणि हक्कसोड होते. ‘तिने खुशीने सोडलं’ असं नंतर सांगतात.

आमच्या नात्यातल्या एका चाचांनी हे कसं निस्तरलं ते त्यांना विचारूनच लिहिते. आंब्याची बाग वडिलांच्या पश्चात त्यांच्या एकट्याच्या ताब्यात होती. सातबारा, झाडांची यादी आणि तेवढ्या वर्षांच्या उत्पन्नाचा अंदाज कागदावर घेऊन ते मोठ्या बहिणीच्या घरी गेले. फुफींनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाल्या, ‘राहू दे रे. माहेरचं दार उघडं आहे, तेवढं मला पुरे.’ कुणीही या नकारावर खूश होऊन परतला असता. चाचा म्हणाले, ‘बाजी, दार उघडंच राहील. हिस्सा घेतलास तरी राहील. आधी तुझं नाव लागू दे, मग तुला काय करायचं ते कर.’ फुफी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या आणि मग त्यांनी विचारलं, ‘खालच्या विहिरीजवळची कलमं कुणाच्या वाट्याला?’ त्यांना सगळं आठवत होतं. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर नाव आलं. पुढे त्यांनी थोडा भाग बक्षीसपत्राने भाच्याला दिला आणि बाकीचा ठेवून घेतला.

म्हणून माझं ठाम मत आहे: बहिणीचं नाव लागण्याआधी मिळालेली माफी माफी धरू नका. माहेर तुटेल या भीतीने ती ‘हो’ म्हणत असते. आधी हक्क तिच्या हाती द्या. मग दिलं तर ती तिची देणगी. वारसनोंदीचा अर्ज गावच्या तलाठ्याकडे जातो. जुनी हक्कसोड नोंदवलेली असेल तर ती कागदावर कशी उलटवायची ते वकिलाला विचारा. कायद्याने कागद तुमच्या बाजूचा असला तरी अल्लाहकडचा हिशोब त्याने मिटत नाही.

शेजाऱ्याच्या हद्दीत गडगा (दगडी कुंपण) सरकवला असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि गडगा मागे घ्या. वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात कियामतच्या दिवशी सात जमिनी घातल्या जातील, ही हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे. कोकणातल्या हद्दीच्या भांडणात ती वीत किती ओळखीची आहे!

*मेहर.* निकाहनाम्यात लिहिलेली आणि न दिलेली मेहर हे कर्जच आहे. जनाजा दारात असताना रडणाऱ्या बाईला ‘मेहर माफ केली म्हण’ असं सांगायची रीत बंद व्हायला हवी. कुरआनाने (सूरह निसा, आयत ४) मेहर खुशीने द्या म्हटलंय, आणि बायको आपल्या मर्जीने काही सोडेल तरच ते घ्या म्हटलंय. त्या घडीला तिची मर्जी कुठे असते? आजच द्या. एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवा आणि वहीत लिहा.

*मजुरी.* काम पुरं करून घेऊन मजुरी न देणाऱ्याच्या विरोधात कियामतच्या दिवशी मी स्वतः उभा राहीन, असं अल्लाह म्हणतो (हदीस-ए-कुदसी, म्हणजे हदीसमधून आलेलं अल्लाहचं म्हणणं, बुखारी). हंगाम संपताना खलाशांचा हिशोब होतो तेव्हा उचल, रेशन, डिझेल यांची वजावट खरी लावली होती का, हे बोटमालकांनी जुन्या वह्या काढून बघावं. खलाशी नेपाळचा, त्याचा नंबर बंद. तरी त्याच्या तांडेलाकडे (बोटीच्या म्होरक्याकडे), त्याच्या गाववाल्यांकडे विचारा. सगळे प्रयत्न संपल्यावर तेवढी रक्कम त्याच्या नावाने सदका (दान) करा. उद्या तो समोर आला तर त्याला त्याचे पैसे द्यायचे, ही नीयत ठेवून.

*व्यापार.* वर मोठी फळं आणि खाली गवतात दडवलेला बारीक माल, बाहेरच्या आंब्यावर रत्नागिरी हापूसचं लेबल. मदिनेच्या बाजारात रसूलुल्लाह ﷺ यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आतला माल ओला लागला. मालक म्हणाला, पावसाने भिजला. त्यांनी विचारलं, मग भिजलेला वर का नाही ठेवलास, लोकांना दिसेल असा? आणि म्हणाले, जो फसवतो तो आमच्यातला नाही. ओळखीच्या गिऱ्हाईकाला फरक परत करता येतो. वाशीच्या घाऊक बाजारात गेलेली पेटी कुणी खाल्ली ते कळणार नाही, तिथे फरकाचा अंदाज काढून सदका करा.

बँकेच्या व्याजाची रक्कम सवाबाची (पुण्याची) नीयत न करता गरजूला देऊन मोकळे व्हा.

*जिभेचं देणं.* गीबत (पाठीमागे निंदा) केली आणि त्या माणसाच्या कानावर ती गेली असेल तर जाऊन माफी मागा. गेलीच नसेल तर मुद्दाम जाऊन सांगून नवीन जखम करू नका, असं बरेच उलमा सांगतात. त्याच्यासाठी दुआ करा, आणि ज्या बैठकीत त्याला वाईट म्हटलं त्याच बैठकीत त्याचं चांगलं बोला. खोटा आळ घेतला असेल तर तो जिथे घेतला तिथे तोंडाने मागे घ्यावाच लागतो.

माफी कशी मागायची, हाही प्रश्न असतो. थोडक्यात मागा. ‘२०१४ साली कुवेतला तुमच्याकडून घेतलेले पैसे मी परत केले नव्हते. ते आणलेत. उशीर झाला, त्याची माफी मागतो.’ एवढंच. सबबी जोडू नका. हिजरी ९ साली तबूकच्या मोहिमेला काब बिन मालिक गेले नाहीत. बाकीचे कारणं सांगून सुटले, त्यांनी खरं सांगितलं की मला काही सबब नव्हती. ५० दिवस त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. मग त्यांची तौबा कबूल झाल्याची आयत उतरली (सूरह तौबा, ११८). खुशीत ते सगळी मालमत्ता सदका करायला निघाले तेव्हा रसूलुल्लाह ﷺ यांनी थोडी स्वतःजवळ ठेवायला सांगितली. तुम्हीही देणं फेडताना घरच्यांना उघड्यावर पाडू नका. ऐपत नसेल तर मुदत मागा.

समोरच्याने पैसे घेतले आणि माफ मात्र केलं नाही, असंही होतं. त्याचा तो हक्क आहे. भांडू नका, पुन्हा पुन्हा दार वाजवू नका, त्याच्यासाठी दुआ करत राहा. आणि ज्या बाईला किंवा मुलीला तुम्ही त्रास दिला असेल तिच्या समोर थेट जाऊन उभे राहू नका. तुम्हाला बघणंच तिला जड जाईल. तिचं काही देणं असेल तर तिच्या भरवशाच्या माणसामार्फत पोचवा. तिने कायद्याची वाट धरली असेल तर तिच्या आड येऊ नका.

६. अल्लाहने झाकलंय ते उघडं करू नका

रात्री गुन्हा केला, अल्लाहने पडदा टाकला, आणि सकाळी उठून हा स्वतःच सांगत सुटला की काल मी अमुक केलं. अशा उघड करणाऱ्यांना सोडून माझ्या सगळ्या उम्मतला माफी आहे, ही बुखारी-मुस्लिममधली हदीस. म्हणून वहीत गुन्हे लिहायचे नाहीत. म्हणून मीही या लेखात माझं काही सांगितलेलं नाही, आणि मोहल्ल्यातल्या बहिणींनाही मी ‘काय केलंस’ असं विचारत नाही.

लग्न ठरताना जुनी प्रकरणं कबूल करावीत का, असं मुली विचारतात. तौबा केलेला गुन्हा सांगायची गरज नाही. मुलांनाही हेच लागू आहे. आजार किंवा आधीचा निकाह अशी गोष्ट वेगळी, ती लपवली तर फसवणूक होते. मौलानांना मसला विचारतानाही ‘एखाद्याने असं केलं तर’ अशा शब्दांत विचारता येतं.

७. पाय पुन्हा घसरला तर

पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करा, त्याच दिवशी. हदीसमध्ये एका बंद्याबद्दल आहे. तो गुन्हा करून म्हणाला, ‘या रब्ब, मला माफ कर.’ अल्लाह म्हणाला, माझ्या बंद्याला ठाऊक आहे की त्याचा एक रब्ब आहे जो माफ करतो आणि पकडतो. त्याने पुन्हा गुन्हा केला, पुन्हा मागितली, पुन्हा माफी मिळाली. तिसऱ्यांदाही तेच झालं. पहिल्या तौबेच्या वेळी इरादा खरा असेल तर ती तौबा वाया गेलेली नाही. आधीच ‘उद्या करेन, परवा तौबा करेन’ असा हिशोब असेल तर मात्र ती तौबाच नव्हती.

रसूलुल्लाह ﷺ स्वतः दिवसाला सत्तरहून जास्त वेळा इस्तिगफार करत. तुम्ही फजरनंतर शंभर वेळा ‘अस्तगफिरुल्लाह’ धरून चाला. एस.टी.त, रिक्षात, मासे साफ करताना, कुठेही होतं.

आणि हे मी हात जोडून सांगते. गुन्ह्याच्या ओझ्याने झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर ते एकट्याने सोसू नका. घरातल्या एका माणसाला ‘मला बरं वाटत नाही’ एवढं तरी सांगा, डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करा. गुन्हा कोणता ते सांगायची गरज नाही. वुजू झाला की नाही, तौबा कबूल झाली की नाही, याच शंकेत दिवस जात असतील तर तोही आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

८. वसिय्यत लिहा

फेडायचं राहिलेलं कागदावर हवं. ज्याच्याकडे वसिय्यत (मृत्युपत्र) करण्यासारखं काही आहे त्याने दोन रात्रीही ती लिहून ठेवल्याशिवाय काढू नयेत, असं हदीसमध्ये आहे. वर्षानुवर्षं बोटीवर आणि आखातात माणसं पाठवणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर किती घरांत ती लिहिलेली असते?

वहीतलं जे देणं राहिलंय ते एका कागदावर उतरवा: नाव, गाव, रक्कम किंवा वस्तू, कशाबद्दल. राहिलेले रोजे आणि जकात लिहा. दोन शहाण्या साक्षीदारांच्या सह्या घ्या. कर्ज आधी फेडलं जातं, त्यानंतर वसिय्यत, मग वारसांचे हिस्से. वारसांशिवाय दुसऱ्या कुणाला द्यायची वसिय्यत एक तृतीयांशापर्यंतच चालते, पण कर्जाला ती मर्यादा नाही. मुलांना कागद कुठे आहे ते सांगून ठेवा. एखादं देणं फिटलं की त्यावर काट मारून तारीख टाका, आणि दर रमजानच्या आधी, शाबानमध्ये, कागद नवा करा.